आजीच्या नावाने गाणारा

"आपलं तसलं काय न्हाय, मॅडम."

हे वाक्य म्हणताना तो दोन्ही तळहात हवेत आडवे फिरवायचा, पाटीवरचं पुसून टाकावं तसे. चहात साखर किती घालू, असं विचारलं तरी हेच. गाणं आवडतं का, असं विचारलं तरी हेच. एकदा अंगात ताप घेऊन तो क्लासला आला. डोळे लाल, कपाळ घामेजलेलं. मी म्हटलं, घरी जा, पडून राहा. त्याने पाटी पुसली. "आपलं तसलं काय न्हाय."

हे तुम्हा दोघांना लिहून पाठवायला कारण तुमच्या शाळेतली ती भिंत. मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला शाळेचे फोटो दाखवलेत, त्यात रंगीत अक्षरांत लिहिलं होतं की जसे आहात तसे राहा. धाकटीने विचारलं, आजी, म्हणजे नक्की काय करायचं? इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, व्याख्या मला पाठ असतात, पण त्या दिवशी एकही कामाला आली नाही. काही गोष्टी समजावण्यासाठी माणूसच दाखवावा लागतो. म्हणून हा माणूस. आई वाचून दाखवेल. मध्ये मध्ये गावाकडची बोली येईल, तिथे ती अडली तर मला फोन करा.

आधी जागा. आपलं भिवंडीचं घर तुम्हाला आठवतं ते मागच्या गल्लीतल्या लूमच्या, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांच्या आवाजामुळे. सुट्टीत आलात की पहिल्या रात्री कानावर उशी घेऊन झोपता आणि चौथ्या दिवशी आवाज ऐकू येईनासा होतो. शुक्रवारी लूम बंद असतात. मग घरात इतकी शांतता पसरते की फ्रिजसुद्धा बोलायला लागतो. हा शुक्रवार लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निवृत्त झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर छोटासा क्लास सुरू केला. पूर्णा, दापोडे या गावांकडे जिथे भाताची शेतं होती तिथे आता गोडाऊनं उभी आहेत, एकेक इतकं लांब की एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पोचत नाही. तिथे काम करणाऱ्या मुलामुलींना बढतीसाठी इंग्रजीत मुलाखत द्यावी लागते. ते माझ्याकडे येतात. मी त्यांना टेबलाभोवती बसवते, चपला बाहेर ओळीत लावून घेते आणि बोलतं करते.

तो पूर्ण्याच्या एका गोडाऊनचा सुपरवायझर. तिथलाच भूमिपुत्र, आगरी घरातला, पस्तिशीचा. दारातून आत येताना खांदा किंचित तिरका करायचा, एवढा रुंद. मिशी झुपकेदार, आवाज घोगरा आणि खालचा. खांद्यावर कायम एक पांढरा टॉवेल, निळ्या काठाचा. खुर्चीवर बसण्याआधी त्या टॉवेलाने खुर्ची पुसायचा. माझ्या घरातली खुर्ची. तुम्ही मला ओळखता. पहिल्या दिवशी मला जरा लागलंच. मग कळलं की गोडाऊनमध्ये प्रत्येक वस्तूवर धूळ असते आणि हाताला ती सवय झालेली असते.

बोलण्याआधी तो घसा खाकरायचा. एकदाच, छोटंसं. दार उघडण्याआधी कडी वाजवावी तसं.

त्याच्या समोर शमीम बसायची. आपल्याच गल्लीतली, तिच्या आजोबांचे लूम होते, ती त्याच गोडाऊनच्या ऑफिसात बिलिंगला आहे. जीभ तिखट, मन स्वच्छ. मुलाखतीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. टेल मी अबाउट युवरसेल्फ. स्वतःबद्दल सांगा. त्याने उत्तर पाठ केलं होतं. मी कष्टाळू आहे, मी वेळेवर येतो, माझा छंद क्रिकेट बघणं. सगळं एका दमात, फळ्याकडे बघत.

शमीमने विचारलं, "कालची मॅच कोण जिंकलं?"

त्याला माहीत नव्हतं. कालची मॅच होती हेही माहीत नव्हतं.

"फिर हॉबी कायको बोलता?"

"सगले तेच बोलतात," तो म्हणाला.

मी म्हटलं, हे उत्तर कुणाचंही असू शकतं. तुमचं सांगा. कुणी काही सांगितलेलं नसताना, कुणी बघत नसताना तुम्ही काय करता? त्याने टेबलक्लॉथवरच्या फुलावरून बोट फिरवलं.  मग तळहात वर आले आणि पाटी पुसली गेली.

त्यानंतर काही दिवसांनी तो शुक्रवारी दुपारी आला. क्लास नसताना. दारातच उभं राहून विचारलं, मागची खोली थोडा वेळ मिळेल का. फोनवर बोलायचं आहे. गावात घराशेजारून कंटेनर जातात, ड्युटीवर हॉर्न, कुठेच धड बोलता येत नाही. मी खोली दिली. तीच तुमची खोली, गाद्यांच्या कपाटाची. अर्ध्या तासाने बाहेर आला, पाणी प्यायला, गेला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मला वाटलं, बायकोशी काही बिनसलं असेल किंवा वकिलाशी बोलत असेल. विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतंच.

एका शुक्रवारी मी चहा घेऊन त्या दाराशी गेले आणि थांबले. आत एक म्हातारी गात होती.

रडवेला नव्हे, पण ओला म्हणावा असा आवाज. सूर लांबवायचा, मग खाली सोडायचा आणि दर ओळीत कुणाचं तरी नाव. मुलीची आई, मुलीचा मामा, मुलाची करवली. जणू ती म्हातारी एकेकाला हाताला धरून जागेवर बसवत होती. मला वाटलं, फोनवर कुणी ऐकवत असेल. मी दार लोटलं.

तो माझ्याकडे पाठ करून गाद्यांच्या कपाटासमोर बसला होता, मांडी घालून. फोन पुढ्यात. डोक्यावरून तो पांढरा टॉवेल घेतलेला, पदर घ्यावा तसा, निळा काठ कपाळावर. आणि तो म्हातारीचा आवाज त्याच्यातून येत होता.

त्याने वळून बघितलं. पदर मिशीवरून खाली घसरला. हसू येण्यासारखंच दृश्य होतं, पण मला हसू आलं नाही, कारण त्याचा चेहरा चोरी करताना पकडलेल्या माणसासारखा झाला होता.

"आपलं तसलं काय..." असं म्हणून तो थांबला. हात वर आलेच नाहीत.

मी चहा खाली ठेवला. म्हटलं, निवेल, आधी घे. त्या दिवसापासून मी त्याला तू म्हणायला लागले.

आता तुम्हाला धवलारीण म्हणजे काय ते सांगायला हवं. आगरी लग्नात भटजी असतोच, पण त्याच्याहून जुनी असते ती धवलारीण. बहुधा वयस्क बाई. हळदीपासून नवरीला वाटे लावण्यापर्यंत, म्हणजे पाठवणीपर्यंत, प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारीण गाते आणि बाकीच्या बायका तिच्यामागून ओळ उचलतात. आता दिवा आणा, आता मामा पुढे या, हे सगळं ती गाण्यातून सांगते आणि ज्याला त्याला नावाने बोलावते. म्हणून एका लग्नाचा धवला दुसऱ्या लग्नात चालत नाही. नावं त्याच घरची हवीत. तिला बोलवायला जातात ते विडा घेऊन. पान, सुपारी हातावर ठेवायची. तिने विडा घेतला की माघार नाही. मग ताप असो, पूर असो.

त्याची आजी पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. त्याची आई तो तान्हा असतानाच गेली, त्यामुळे आजी जाईल तिथे तो. बायकांच्या घोळक्यात, हळदीच्या वासात तो वाढला. धवले त्याला कुणी शिकवले नाहीत. बाकीची मुलं शिव्या शिकतात तसे ते त्याच्या तोंडात बसले. आठ-नऊ वर्षांचा असताना एका मांडवात तो आजीबरोबर मोठ्याने गायला. मांडव हसला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्याचं नाव पडलं धवलारीन. मोठा भाऊ त्या नावाने हाका मारायला सगळ्यांत पुढे. त्याने गाणं बंद केलं. पुढे मिशी ठेवली, वजनं उचलली, आवाज दाबून दाबून खाली नेला. इतका की तो घोगरा आवाज आपलाच, असं त्याला वाटायला लागलं.

मग आजीचा घसा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, गायचं नाही. पण आजीने वज्रेश्वरीकडच्या एका घरचा विडा आधीच घेतला होता. ती तीन दिवस जेवली नाही. शेवटी नातवाला पुढ्यात बसवून म्हणाली, तू बोल.

तो बोलला. आजीच्या आवाजात. फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्या घरी पाठवून सांगितलं की आजीला प्रवास झेपत नाही, तिने घरी बसून गायलं आहे. मांडवात स्पीकरवर ते लागलं. बायकांनी मागून ओळी उचलल्या. वरमाई रडली म्हणे. त्यानंतर विडे येतच राहिले. नावं कळवायची, की शुक्रवारी माझ्या मागच्या खोलीत धवला तयार. कितीतरी मांडवांत तो गात होता आणि एकाही मांडवात तो नव्हता.

मी विचारलं, टॉवेल कशाला?

"डोक्याव घेतला की आजी येते," तो म्हणाला. "उघड्या डोक्यानं मीच असतो."

आजीला मला बघायचं होतं. जिच्या घरात आपण गातो ती मॅडम कशी आहे, म्हणून. तर एका रविवारी तो मला घेऊन गेला. गोडाऊनच्या पत्र्याच्या भिंतीला लागून घर, दारात तुळस आणि पलीकडे कंटेनरची रांग. आजी खाटेवर बसली होती, हातभर हिरव्या बांगड्यांच्या जागी नुसती गोंदणाची ठिपकेदार नक्षी. आवाज कुजबुजीएवढाच उरलेला. माझा हात धरून म्हणाली, "लोकं मना इचारतान, आजे, आवाज येवरा तरना कसा झाला? मी सांगतंय, दवा लागू परली."

आणि हसली. दात नव्हते, त्यामुळे सगळं तोंड हसलं.

तो पाणी आणायला आत गेला तेव्हा ती माझ्या जवळ सरकली. तिची एक पद्धत होती, ती तिने मला सांगितली. प्रत्येक धवल्याच्या शेवटी ती आपलं नाव गुंफायची. हे मी गायले, अमक्याच्या सुनेने गायले, असं. नातू रेकॉर्ड करतो तेव्हा तोही शेवटी तिचंच नाव घेतो.

"माजे नावानं बेस गातंय," ती म्हणाली. "सोताचे नावानं गायला त आजून बेस गाईल. पन त्याला कोन सांगंल?"

माझ्याकडे बघत होती. मी काही कबूल केलं नाही. असली कामं सांगून होत नाहीत, हे शिक्षकाइतकं कुणाला कळतं?

थंडी सरता सरता आजी गेली. झोपेतच.

दिवसकार्य झाल्यावर तो क्लासला यायला लागला, पण शुक्रवारी यायचं कारण संपलं होतं. मागच्या खोलीतल्या खुंटीवर एक टॉवेल तसाच होता, निळ्या काठाचा. त्याच्याकडे तसे दोन-तीन असावेत. मी तो धुऊन, घडी करून पुन्हा खुंटीवर टाकला.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक भाची, त्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. बहीण म्हणाली, आजीचा एखादा जुना धवला लावू. पण त्यात नावं दुसऱ्या घरची. दुसऱ्यांच्या नावाने आपल्या पोरीला हळद कशी लावायची? मग तो एक युक्ती घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, मॅडम, सांगतो की आजीनं जाण्याआधी भाचीसाठी गाऊन ठेवलं होतं. बोलू का तसं?

मी विचारलं, नवऱ्या मुलाचं नाव आजीला कुठून कळलं? स्थळ आलं तेव्हा आजी नव्हती.

तो खुर्चीत बसला. पुसल्याशिवाय.

आता त्याच्यापुढे दोनच रस्ते होते. भाचीचा मांडव धवल्यावाचून राहू द्यायचा. नाहीतर त्या मांडवात, ज्या भावाने त्या नावाने हाका मारल्या त्याच्यासमोर, गोडाऊनच्या हमालांसमोर, उभं राहून गायचं. आणि गायलं की मागचं सगळं उघडं पडणार, कारण ऐकणारे कान काही बहिरे नव्हते.

पुढच्या क्लासला दारावरची बेल वाजली. बाहेर एक मुलगी, हातात छोटं ताट, त्यावर रुमाल. मला वाकून नमस्कार केला आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ही भाची. ताटात पान होतं, सुपारी होती, वर अक्षता.

"मामा, इडा आनलाय."

"कोनाला?"

"धवलारनीला."

शमीमने पेन खाली ठेवलं. तो उठला, बसला. मग म्हणाला की आजी गेली, हे तुला ठाऊक नाही का.

"आजी खाकरून चालू करायची न्हाय, मामा," भाची म्हणाली. "तू करतोस. पयल्या रेकॉर्डिंगपासून ठावं हाय मना. आये पन समजली हाय, ती बोलत न्हाय. तुला वाटतंय कोनालाच कललं न्हाय."

 मागच्या गल्लीत लूम खडखडत होते.

"मोबाईल नको लावू माझे हलदीला. यायचं त तू ये."

त्याने हात पुढे केला नाही. भाचीने थोडी वाट बघितली, मग ताट टेबलावर ठेवलं आणि गेली. चपला घालतानाही मागे बघितलं नाही. पोरगी आजीचीच पणती, हे तेव्हा पटलं.

शमीमला आता सगळं कळलं होतं. ती उद्या ऑफिसात काय सांगेल, या धास्तीने तो तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, "हमारे यहाँ पण लग्नात बायकाच गातात. मेरी नानी गाते गाते गई, और किसी ने सीखा नहीं. आता आम्ही यूट्यूब लावतो." आणि वही बंद करून उठली.

तोही उठला. विडा टेबलावर तसाच ठेवून गेला.

पान सुकू देणं बरं नव्हे. मी तो विडा ओल्या फडक्यात गुंडाळला, डब्यात घातला आणि फ्रिजमध्ये ठेवला. माझ्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर नाव असतं, तुम्ही त्यावरून मला चिडवता. या डब्यावर काय लिहायचं ते मला सुचलं नाही. बिननावाचाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझा पहिला चहासुद्धा झाला नव्हता, तो दारात. ड्युटीचे कपडे, डोळे रात्रभर जागल्यासारखे.

"मॅडम, ते पान हाय का?"

मी डबा दिला. त्याने फडकं उलगडलं, विडा कपाळाला लावला आणि खिशात घातला. दाराशी पुन्हा थांबला. बायको काय म्हणाली ते सांगितलं. ती म्हणाली होती, पोरीला झोपवताना रोज गाता तेव्हा मी काय कानांत बोळे घालते?

हळदीच्या दिवशी सकाळी मी आणि शमीम रिक्षाने गेलो. मांडव दोन गोडाऊनच्या मधल्या जागेत घातला होता, वर हिरवा कपडा, बाजूला डीजेची गाडी. बायका पाटाभोवती बसलेल्या. भाची मध्ये, पिवळ्या साडीत. पुरुष मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर, त्यात गोडाऊनमधले बरेच. तो आला, पांढरा शर्ट, केस विंचरलेले. खुर्च्या ओलांडून बायकांच्या मध्ये गेला आणि पाटाशी खाली बसला.

आधी कुजबुज. मग मोठा भाऊ खुर्चीतूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काय रं, साडी आनू का?"

पुरुष हसले. त्याचा हात खांद्याकडे गेला. टॉवेल नव्हता. एक आमच्या खुंटीवर होता, बाकीचे तो घरीच ठेवून आला असावा. मी बघत होते, हात रिकाम्या खांद्यावर क्षणभर थांबला आणि खाली आला. त्याने घसा खाकरला.

"आन," तो म्हणाला. "पन जुनी आन. हलद लागंल."

पुन्हा हसू आलं, पण आता ते भावाच्या दिशेने गेलं. बायका तर पदर तोंडात धरून हसल्या. भाऊ काहीतरी पुटपुटला आणि उठून गेला.

त्याने सुरुवात केली ती आजीच्या आवाजात. सवयीने. दुसऱ्याच ओळीत तो फाटला. उघड्या डोक्यावर आजी येत नव्हती. मागून कुणी तरी खुसखुसलं. तो थांबला. मांडव थांबला. मला शाळेतला निकालाचा दिवस आठवला, मुलाचं नाव पुकारायचं असतं आणि तो मान वर करत नाही, तसं झालं.

मग त्याने पुन्हा उचललं. या वेळी खालून. त्याच्या रोजच्या घोगऱ्या आवाजाच्याही खाली कुठे तरी एक आवाज होता, दाबलेला नव्हे, मोकळा, जाड, भातखाचरात पाणी भरावं तसा सावकाश पसरणारा. मागच्या खोलीत मी इतक्या वेळा ऐकलं होतं, पण हा आवाज ऐकला नव्हता. त्यानेही ऐकला नसावा. त्याचा चेहराच तसा झाला होता.

पण बायकांना तो सूर उचलता येईना. त्यांची सवय वरची. एक ओळ तो एकटाच गायला, दुसरीही एकटाच. धवला एकट्याने होत नाही. तेवढ्यात पाटाच्या पलीकडे बसलेल्या एका म्हातारीने, आजीची ती आयुष्यभराची जोडीदारीण होती, हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याच खालच्या सुरात ओळ उचलली. जरा बेसूर, पण ठाम. मग बहिणीने उचलली. मग एकेक करत सगळा घोळका त्या सुरात उतरला, विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तसा.

त्याने नावं घेतली. मुलीची आई, बाप, मामी. ज्याचं नाव येई तो पुढे होई. मोठ्या भावाचं नाव आलं तेव्हा तो मांडवात नव्हता. बायकांनी तीच ओळ पुन्हा घोळवली, त्याची वाट बघत. मी मागे वळून बघितलं, तर तो डीजेच्या गाडीपाशी उभा होता. पोरांनी चाचणीचा ठोका लावला होता, त्याने हाताने खूण करून तो बंद करायला लावला आणि मग आला. धाकट्या भावाच्या डोळ्यांत न बघता पुढे झाला आणि भाचीच्या गालाला हळद लावली.

शेवटची ओळ आली. आजीच्या पद्धतीप्रमाणे इथे गाणाऱ्याचं नाव. तो थबकला. इतकी वर्षं या जागी एकच नाव बसलेलं होतं. भाचीने हळदीने माखलेला चेहरा वर करून त्याच्याकडे बघितलं.

त्याने आजीचं नाव घेतलं आणि तिच्या पुढे, तिचा नातू म्हणून, आपलं घेतलं. बायकांनी ते मागून म्हटलं. एवढ्या जणींच्या तोंडी एकदम आपलं नाव ऐकण्याचा प्रसंग माणसावर किती वेळा येतो?

ते नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते त्या ओळीच्या शेवटीच शोभतं. पुढच्या वेळी याल तेव्हा तिथेच ऐका.

जेवणाच्या पंगतीत एक परगावची पाहुणी त्याला शोधत आली. वयस्क, कानांत जड कुड्या. म्हणाली, "तू इथली धवलारीन का रं? माजे नातीचं लगीन हाय."

त्याचे दोन्ही तळहात वर आले. आडवे फिरणार, पाटी पुसणार, हे मला आणि शमीमला अगदी माहीत होतं. "आपलं तसलं..." एवढं तो बोललाही. मग हात तसेच हवेत राहिले आणि हळूच खाली आले.

"हाय," तो म्हणाला.

शमीम सांगते, गोडाऊनमध्ये चार दिवस चिडवाचिडवी झाली. मग एका हमालाने आपल्या बहिणीच्या लग्नाबद्दल बाजूला घेऊन विचारलं आणि चिडवणं तिथेच संपलं. मुलाखतही झाली. स्वतःबद्दल सांगा, असं विचारल्यावर तो म्हणे इंग्रजीत म्हणाला, मी लग्नात गातो. साहेबांनी विचारलं, म्हणजे डीजे? तो म्हणाला, नो सर, लाइक ग्रँडमदर. साहेब काय समजले देव जाणे, पण ती जागा त्याला मिळाली. ड्युटीची वेळ बदलली आणि क्लास सुटला. आता टेबलाशी त्याची खुर्ची रिकामी असते. ती पुसायला कुणी नाही, म्हणून मीच पुसते.

टॉवेल अजून तुमच्या खोलीतल्या खुंटीवर आहे. मध्यंतरी फोन करून मी म्हटलं, तुझी वस्तू पडून आहे, येऊन घेऊन जा. मागे कुठे तरी मांडवाचा गलबला ऐकू येत होता, बायका त्याला हाका मारत होत्या. त्याने घसा खाकरला.

"राहू द्या, मॅडम," तो म्हणाला. "तुमची नातवंडं येतील, हातपाय पुसायला होईल."